खिडकीला ग्रिल कोणी बसवायचं?

दर जानेवारीत आमच्या न्यू यॉर्कच्या घरी घरमालकाकडून एक कागद येतो. त्यातला मुख्य प्रश्न असा: दहा किंवा त्याहून कमी वयाचं मूल या घरात राहतं का? ‘हो’वर खूण केली की खिडक्यांना गज बसवून देणं मालकाला बंधनकारक. आमची मुलगी तीन वर्षांची. मी खूण करते, कागद परत पाठवते आणि विसरून जाते.

यंदा विसरता आलं नाही. त्याच आठवड्यात कुर्ल्याला माझ्या भावाच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीत चौथ्या मजल्यावरून शेजारचा मुलगा पडला. खालच्या दुकानाच्या ताडपत्रीवर पडला म्हणून वाचला, मांडीचं हाड मोडलं. इमारतीच्या ग्रुपवर मेसेजचा नुसता पाऊस. भावाने मला ते पाठवले. बहुतेकांचा सवाल एकच होता: आई काय करत होती?

आई भांडी घासत होती. तीनशे चौरस फुटांच्या घरात कपाट, फ्रिज, शिलाई मशीन लावून झाल्यावर पलंगाला खिडकीखालचीच भिंत उरते. मूल पलंगावर चढलं की खिडकीच्या कट्ट्यावर पोचलंच. त्या इमारतीत ताबा मिळाला तेव्हा खिडक्यांना सरकत्या काचा होत्या, ग्रिल नव्हतं. ज्यांना परवडलं त्यांनी बसवून घेतलं. मुलाच्या वडिलांनी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं होतं.

मी ग्रुपवर आमच्या त्या कागदाबद्दल लिहिलं, तर एका काकांनी सुनावलं, ‘तिकडे बसून सांगणं सोपं आहे, तिकडे सगळं आधीपासूनच नीट असतं.’ नाही हो काका, आधीपासून नव्हतं. याच शहरात ब्रॉन्क्ससारख्या गरीब वस्त्यांमधल्या जुनाट इमारतींतून मुलं खिडकीतून पडून मरत होती. 1972 मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने मोहीम काढली. आरोग्य कर्मचारी घरोघरी गेले, पालकांशी बोलले आणि लहान मुलं असलेल्या घरांना गज फुकट दिले. ब्रॉन्क्समध्ये दोनेक वर्षांत पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग 1976 मध्ये नियम झाला की गज बसवणं ही घरमालकाची जबाबदारी. आयांना लक्ष ठेवायला सांगितलंच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत.

‘आई काय करत होती’ हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे, कारण तो माझ्या आईला विचारला गेला होता. आम्ही तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावर एका खोलीत राहायचो. स्टोव्हवर टोपात आंघोळीचं पाणी तापायचं, आणि दोन फडक्यांनी तो टोप उचलून आई मोरीपर्यंत न्यायची. चारच पावलं. त्या चार पावलांच्या मध्ये माझा दीड वर्षांचा भाऊ रांगत आला. शेजारच्या काकूंनी धावत येऊन पाठीवर टूथपेस्ट फासली. तेव्हा तेच औषध वाटायचं. भाजल्यावर लगेच वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं, टूथपेस्ट-हळद-शाई काही लावायचं नाही, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी नळाला पाणी सकाळी तासभरच यायचं. भावाच्या पाठीवर आजही तळहाताएवढा सुरकुतलेला डाग आहे. भाऊ शर्ट बदलायला लागला की आई अजूनही नजर वळवते.

तिचं लक्ष नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. त्या खोलीत मोरी, स्टोव्ह आणि मूल एकमेकांपासून लांब ठेवायला जागाच नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. इथे मुलीला दहा मिनिटं कुणाकडे सोपवायचं म्हटलं तर माणूस नाही. तिथे दार उघडं असायचं आणि गल्लीतल्या चार बायकांची नजर आमच्यावर असायची. तो शेजार मुंबईची खरी ताकद आहे, पण एसआरएच्या मजल्यांवर दारं बंद व्हायला लागली आहेत, असं भावजय म्हणते. नजर कमी झाली आणि उंची वाढली.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 2008 च्या अहवालानुसार जगात रोज 2000 हून जास्त मुलं अपघातांत जातात, आणि त्यातली 95 टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. आपल्या वस्त्यांत ते कसे घडतात हे आपल्याला माहीत आहे. पाणी साठवायला भरून ठेवलेली बादली, जिच्यात नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल डोक्यावर पडतं. बादलीत सोडलेला हिटरचा रॉड. माळ्यावर जाणारी, कठडा नसलेली उभी लोखंडी शिडी. आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं सुटं फिनेल. अमेरिकेत 1970 च्या कायद्याने औषधांच्या आणि विषारी रसायनांच्या बाटल्यांना लहान मुलांना उघडता न येणारी झाकणं आली. आपल्याकडे फिनेलची बाटली आणि पाण्याची बाटली एकच. घरातलं मूल तहानलेलं असेल तर ते काय करेल? (आणि प्यायलंच, तर उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.)

पिंपाला घट्ट झाकण, शिडीच्या तोंडाशी छोटं फाटक, फिनेल वरच्या फळीवर, हे आरोग्य सेविका दाखवू शकते. ती लसीकरणासाठी उंबऱ्यापर्यंत येतेच. पण त्यासाठी तिला वेळ आणि मानधन द्यावं लागेल, आहे त्या कामात आणखी एक फॉर्म घुसवून चालणार नाही. खिडकीचं काम मात्र सेविकेचंही नाही आणि आईचंही नाही. पुनर्वसनाच्या इमारतीला ओसी (राहायला जाण्याचा दाखला) देताना लिफ्ट बघतात, आगीची व्यवस्था बघतात, तसंच प्रत्येक खिडकीला ग्रिल बघावं. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून त्यात मोठ्यांनाच उघडता येईल असा एक झरोका हवा. इथेही फायर एस्केपच्या खिडकीला गज लावत नाहीत.

भावाने सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगसाठी विषय दिलाय: सगळ्या मजल्यांचं ग्रिल एकदम, खर्च बिल्डरकडे मागायचा. पत्राचा मसुदा मी लिहितेय. त्या मुलाची आई मीटिंगला येणार नाही म्हणाली होती. भावजय तिला बोलवायला तिच्या घरी जाणार आहे.