वर्ग सुटल्यावरच्या ओळखी

‘पार्ट-टाइम एमबीएवाले वर्ग संपला की घरी पळतात, त्यांच्या ओळखी होत नाहीत,’ हे पूर्णवेळ आणि पार्ट-टाइम एमबीएची तुलना करणाऱ्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. पार्ट-टाइम एमबीएच्या संध्याकाळच्या वर्गात माझ्या शेजारी सूताचा व्यापारी बसायचा, मागे बँकेतले कर्जविभागाचे साहेब. कारखान्यात खेळत्या भांडवलाची अडचण आली, तेव्हा कोणती कागदपत्रं लागतील हे त्याच साहेबांनी सात रस्ता चौकात चहा पिता पिता समजावलं. पूर्णवेळच्या वर्गात नोकरी शोधणारे जास्त, आमच्याकडे सगळे कामाला लागलेले!

लेखात राहून गेलं ते घरचं. जानेवारीत सोलापूरच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आणि आमची परीक्षा एकदमच आली. यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक सलग दोन वर्षं हुकली, त्याची रुखरुख अजून आहे.