घरचा सॉस आणि ते पाच आक्षेप

गेले काही दिवस एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. मलाच तो चार जणांनी पाठवला. मथळा आहे, ‘घरी सॉस करण्याचा हट्ट सोडा’. खाली पाच मुद्दे. सॉस करायला तास-दीड तास जातो. व्हाइट सॉस आणि मेयोनीज ही शिकलेल्या हातांची कामं, घरी हमखास बिघडतात. एक सॉस एकाच पदार्थाला चालतो, उरलेला फुकट जातो. बाटलीत तरी वेगळं काय असतं? आणि शेवटी, घरचा सॉस टिकत नाही, त्यातून विषबाधा होते.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे, त्याकडे मी नीट येणार आहे. पण आधीचे चार वाचून नुकताच हातात झारा धरलेला माणूस मागे हटेल, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे लिहायला बसले.

तास-दीड तास लागतो तो केचपला. टोमॅटोमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते आटवून चमच्याला धरून राहील इतकं दाट करायचं तर वेळ जाणारच. मेसेज लिहिणाऱ्यानं केचप डोळ्यांसमोर ठेवलं आणि तेच माप सगळ्या सॉसना लावलं. पास्त्याला लागणारा टोमॅटो सॉस इतका आटवावा लागतच नाही. पास्त्याचं पाणी उकळायला ठेवा आणि दुसऱ्या शेगडीवर रुंद, पसरट कढई चढवा. दोन मोठे चमचे तेल, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या, लसणाचा वास सुटला की पाच-सहा पिकलेले टोमॅटो बारीक चिरून आणि मीठ. कढई पसरट हवी, कारण वाफ वरून जाते. उभ्या पातेल्यात हाच सॉस दुप्पट वेळ खातो. वीस मिनिटांत तळाशी चमचा ओढला की मागे क्षणभर वाट राहते. तेव्हा तो झाला. पास्ता गाळण्याआधी त्याचं वाटीभर पाणी बाजूला काढा आणि सॉसमध्ये थोडंथोडं घाला. त्या पाण्यात उतरलेल्या पिठुळपणामुळे सॉस पास्त्याला चिकटून राहतो, ताटात वेगळा पडत नाही.

आणि हा तरी वीस मिनिटांचा. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड हे सगळं झाकणाच्या बरणीत घालून हलवलं की अर्ध्या मिनिटात सॅलडचा सॉस तयार होतो. दह्यात किसलेला लसूण, मीठ आणि थोडं तेल मिसळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तो भाजलेल्या बटाट्यांवर किंवा वांग्याच्या कापांवर ओतावा. चिकन, मासा किंवा मशरूम परतून झाल्यावर तव्याच्या तळाला जो तपकिरी थर राहतो, तो आपण घासून धुऊन टाकतो. खरी चव तिथेच असते. तवा गरम असतानाच अर्धा कप पाणी किंवा सूप ओता, लाकडी उलथन्यानं थर सोडवा, निम्मं आटलं की गॅस बंद करून लोण्याचा एक गार तुकडा फिरवत मिसळा. चार मिनिटं झाली.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण भीती तिथेच आहे. व्हाइट सॉसमध्ये गुठळ्या होतात हे खरं आहे. पण त्या का होतात हे एकदा कळलं की होत नाहीत. कोरडा मैदा थेट गरम दुधात पडला की त्याच्या गोळ्याचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकतं. हीच गुठळी. मैदा आधी लोण्यात परतला की पिठाचा कण न् कण लोण्यानं माखतो आणि दुधात मोकळा सुटतो. अर्धा लिटर दुधाला 35 ग्रॅम लोणी आणि 35 ग्रॅम मैदा. मंद आचेवर दोन मिनिटं परता. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास यायला हवा, रंग मात्र बदलू देऊ नका. मग दूध. पहिलं अर्धा कप दूध घातल्यावर ते मिश्रण एकदम घट्ट, गोळ्यासारखं होतं आणि नेमकं तिथेच लोक घाबरून उरलेलं सगळं दूध ओतून टाकतात. थांबा. त्या गोळ्याला व्हिस्कनं गुळगुळीत होईपर्यंत फेटा, मग पुढचं अर्धा कप, पुन्हा फेटा. तीन-चार वेळा असं केलं की उरलेलं दूध निर्धास्त ओतता येतं. पुढे पाच-सात मिनिटं मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर सॉस तळाला लागतो आणि जिभेवर पीठ जाणवतं. एवढं करूनही गुठळी राहिलीच तर गाळणी आहे, मिक्सर आहे.

मेयोनीजचा धसका मीही बरीच वर्षं घेतला होता. पहिल्यांदा केलं तेव्हा वाटीत दाणेदार, पिवळं पाणी आणि वर तरंगणारं तेल उरलं होतं, आणि मी ते सगळं ओतून दिलं. आज ते ओतलं नसतं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन तेलाच्या बारीक थेंबांभोवती बसून त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही. सुरुवातीलाच तेल भसकन पडलं की थेंब बारीक होण्याआधीच तेलाचं तळं होतं आणि मिश्रण फाटतं. पण फाटलेलं मेयोनीज वाया गेलेलं नसतं. स्वच्छ वाटीत नवा बलक घ्या, त्यात हे फाटलेलं मिश्रण अगदी थेंबाथेंबानं घालत फेटा. ते पुन्हा धरतं. हँड ब्लेंडर असेल तर मुळात फाटण्याची वेळच क्वचित येते. ब्लेंडरचं तोंड जेमतेम मावेल अशा अरुंद उभ्या बरणीत एक अख्खं अंडं, चमचाभर लिंबाचा रस, अर्धा चमचा मोहरीची पेस्ट, मीठ आणि वर 200 मिलिलिटर तेल. ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि खालचा भाग पांढरा होईपर्यंत जागचा हलवू नका. मग सावकाश वर उचला. यात शिकलेला हात कुठे लागला?

एक सॉस एका पदार्थाला, हे तर उलट आहे. फ्रेंच स्वयंपाकात एकोणिसाव्या शतकात मारी-आंतवान कारेम या शेफनं सॉसची मांडणी केली ती चार मुख्य सॉसभोवती, आणि बाकीचे त्यांच्यापासून निघालेले. त्या चारांतला एक म्हणजे बेशामेल, म्हणजेच आपण वर केला तो व्हाइट सॉस. त्यात गॅस बंद करून किसलेलं चीज घातलं की तो मॅकरोनीला चालतो, वाफवलेल्या फ्लॉवरवर ओतून ओव्हनमध्ये ठेवता येतो. मोहरीची पेस्ट घातली की उकडलेल्या अंड्यांवर किंवा माशावर. परतलेले मशरूम किंवा पालक घालून टोस्टवर. टोमॅटो सॉस पहिल्या दिवशी पास्त्यावर, दुसऱ्या दिवशी त्यातच खळगे करून अंडी फोडून झाकण ठेवून शिजवलेली, तिसऱ्या दिवशी पाणी घालून सूप. व्हिनेगरचा सॉस फक्त हिरव्या पानांवर घालतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो उकडलेल्या बटाट्यांवर गरम असतानाच ओतून बघावा. गरम बटाटा सॉस शोषून घेतो, गार बटाट्यावर तो नुसता वर राहतो.

बाटलीत वेगळं काय असतं? बाटली उलटी करून मागचं लेबल वाचा. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात, म्हणजे ज्याचं नाव आधी ते जास्त. नेहमीच्या केचपमध्ये 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमहून जास्त साखर असणं सर्रास आहे. एका मोठ्या चमच्यात जवळपास एक लहान चमचा साखर झाली. मूल भाताबरोबर चार चमचे घेत असेल तर हिशेब तुम्हीच करा. तरी सगळ्याच बाटल्या वाईट, असं मी म्हणणार नाही. सोया सॉस महिनोन्‌महिने आंबवावा लागतो, व्हिनेगरचंही तसंच. ते मी विकतच आणते.

आता विषबाधा. हा धोका खरा आहे, आणि मेसेजनं तो नेमका कुठे आहे हे न सांगता सगळ्यांना घाबरवलं आहे. सर्वांत जपायचं ते कच्चा लसूण घातलेल्या तेलाला. लसूण जमिनीत वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तेलात हवा पोचत नाही, आम्लता नसते, आणि बरणी ओट्यावर राहिली की ते वाढून विष तयार करतात. वास किंवा चव बदलेलच असं नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना बॉट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला होता, आणि तो लसूण घरचा नव्हता, बाटलीतला होता. म्हणजे प्रश्न घर की कारखाना हा नाही, आम्लता आणि थंडावा हा आहे. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट; तो 4.6 पेक्षा कमी असेल तिथे हा जिवाणू वाढत नाही. लसणाचं किंवा ओल्या पानांचं तेल लागेल तेवढंच करा, उरलं तर लगेच फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

व्हाइट सॉस आणि टोमॅटो सॉस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत, तिथे तीन-चार दिवस ठीक राहतात. टोमॅटो सॉस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर तीन महिनेही चांगला राहतो. बरणीवर तारीख लिहायची सवय मात्र लावून घ्या, आठवणीवर विसंबू नका.

राहिलं कच्चं अंडं. त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो आणि लिंबाच्या चमच्यानं तो मरतोच असं नाही. पाश्चराइज केलेली अंडी मिळत असतील तर ती वापरा. घरात लहान मूल, गरोदर बाई, म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर कच्चं अंडं नकोच. त्यासाठी मेयोनीज सोडायचं कारण नाही, दुधावरही ते होतं: त्याच अरुंद बरणीत 100 मिलिलिटर तापवून गार केलेलं दूध, 200 मिलिलिटर तेल आणि मीठ घालून ब्लेंडर फिरवा. दुधातली प्रथिनं तेल धरून ठेवतात. सुरुवातीला ते पातळच दिसेल. लिंबू सगळ्यात शेवटी पिळा, आणि पुन्हा ब्लेंडर फिरवताच ते हाताखाली दाट होत गेलेलं जाणवेल.