पॉवर १०० टक्के केल्याने वायफाय सुधारत नाही

गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी डिचोलीच्या मूळ घरी पोचलो, तर आजी फोन धरून बसलेली. मस्कतहून काका व्हिडिओ कॉल लावत होता आणि तिचा फोन वायफायला जोडलाच जात नव्हता. कारण आमच्या घरच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज: "चवथीला घर भरलं की वायफाय मंदावतं? राउटरची पॉवर १०० टक्के करा, देश अमेरिका निवडा, चॅनेल ४० चा ठेवा आणि आठच्या वर कोणाला जोडू देऊ नका." चुलतभावाने चारही गोष्टी केल्या होत्या. दोन दिवसांनी तोच मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर आला, म्हणून लिहितोय.

आधी ते आठ, कारण आजीला त्यानेच अडवलं. राउटरची यादी उघडली: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, तीन कॅमेरे, भावाचा लॅपटॉप, दोन फोन. झाले आठ. कॅमेरे रात्रंदिवस जोडलेले, ते जागा सोडणार नाहीत. माणूस मात्र बाजारात जाऊन आला की त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली. शिवाय नाकारलेला फोन गप्प बसत नाही, पुन्हापुन्हा विचारत राहतो. मुळात जोडलेल्यांचा आकडा म्हणजे भार नव्हे. खिशात पडून असलेले वीस फोन फारसं काही खात नाहीत. गणपतीवर टांगलेल्या माटोळीचा व्हिडिओ क्लाउडवर चढवणारा एकच फोन अख्खी लाइन अडवतो.

इथे मेसेजमधलं अर्धं खरं मान्य करतो. मर्यादा हवी, पण ती वेगावर. राउटरमध्ये सोय असेल तर लाइनच्या प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर एसक्यूएम (सगळ्यांना आळीपाळीने वाट देणारी राउटरमधली सोय) लावा, म्हणजे एकाच्या अपलोडमागे दुसऱ्याचा कॉल अडकत नाही. दोन ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारी उपकरणं) शेजारी असतील तर संख्येची मर्यादाही कधी उपयोगी पडते. घरात एकच असेल तर नाही.

आता पॉवर. आमचा राउटर वसरीत, देवखोली दोन चिऱ्यांच्या भिंतींपलीकडे. पॉवर १०० केल्यावर देवखोलीत फोनवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसू लागल्या आणि भाऊ खूश झाला. पान मात्र उघडेना. काड्या राउटरचा आवाज फोनपर्यंत किती पोचतो तेवढंच सांगतात. फोनलाही उत्तर द्यावं लागतं, आणि त्याचा आवाज राउटरपेक्षा सहसा लहान. तो भिंतीत विरला की पूर्ण काड्यांचा उपयोग शून्य. शिवाय आमच्या स्वयंपाकघरात दुसरा ॲक्सेस पॉइंट आहे. वसरीतला एवढा मोठ्याने बोलतोय म्हटल्यावर फोन त्यालाच चिकटून राहिले. पॉवर निम्मी केली तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, चिऱ्याची एक भिंत त्याहून जास्त खाते. म्हणून मी ती निम्म्यावर आणली, आणि देवखोलीतला फोन आपसूक स्वयंपाकघराकडे वळला.

अमेरिका निवडण्याचा सल्ला तर निव्वळ अज्ञान. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांवर चालतं. त्यातल्या २.४ साठी केंद्र सरकारची २८ जानेवारी २००५ ची अधिसूचना आहे, जीएसआर ४५ (ई). त्यात ट्रान्समीटरला १ वॅट आणि अँटेनासकट ४ वॅट मुभा आहे. अनेक घरगुती राउटर ०.१ वॅटच्या आसपासच चालतात. म्हणजे अडवतोय तो भारताचा नियम नव्हे, देश बदलून काय मिळणार? उलट अमेरिका निवडल्यावर आपल्याकडे चालणारे १२ आणि १३ हे चॅनेल सहसा यादीतून जातात. त्याच अधिसूचनेत हेही आहे की हा पट्टा सगळ्यांचा सामायिक आहे आणि दुसऱ्याच्या व्यत्ययापासून कोणालाही संरक्षण नाही. म्हापशाच्या एखाद्या इमारतीत सगळ्यांनी पॉवर १०० केली तर प्रत्येक जण शेजाऱ्याचं बोलणं संपायची वाट पाहत बसेल.

चॅनेल ४० चंही तेच. हा ४० म्हणजे चॅनेलचा क्रमांक नव्हे, मेगाहर्ट्झमधली रुंदी. २.४ चा अख्खा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा, एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११. ४० घेतलंत की जवळजवळ निम्मा पट्टा तुमच्या एकट्याचा. तिथे २० च ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर रुंद चॅनेल चालतो, आसपास घरं विरळ असतील तर खुशाल ८० ठेवा.

ज्यांनी या मेसेजचं ऐकलंय त्यांनी आधी ते आठ काढा, पाहुणे यायच्या आत. आमच्या मागच्या पडवीत अजून नेट येत नाही. तिथे केबल ओढून तिसरा ॲक्सेस पॉइंट बसवायचा आहे. सुमारे वीस मीटर केबल लागेल, भावाने विसर्जनानंतरचा रविवार ठरवलाय.