शरीरातला रॉड आतल्या आत गंजतो?

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज: 'हाड जोडायला घातलेलं स्टील आत गंजतं, वर्षभरात काढाच. तोवर एमआरआय नको. टायटॅनियमच घ्या, तेही परदेशी.' खाली जोडलेल्या हातांची रांग. याच धातूंवर शिकलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी गंज. हाडासाठीचं स्टील म्हणजे ३१६ एल नावाचं स्टेनलेस स्टील, खिडकीच्या गजाचं लोखंड नव्हे. त्यात १७ ते १९ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा पृष्ठभागावर बसतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. मेसेज अगदीच हवेतला मात्र नाही. मामाच्या हातातून काढलेली प्लेट मी भिंगाखाली पाहिलीय. बाकी सगळी लख्ख, पण स्क्रूच्या भोकांभोवती काळपट, खरखरीत कडं. तिथे स्क्रू नि प्लेट एकमेकांवर घासतात, पापुद्रा खरवडला जातो आणि फटीत ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही म्हणून तो नीट धरत नाही. झीज होते ती एवढ्याशा जागी. तेवढ्यासाठी सरसकट सगळ्यांनी पुन्हा ऑपरेशन टेबलावर चढायचं? प्लेट टोचतेय, जंतुसंसर्ग झालाय, लहान मुलाचं हाड वाढतंय, अशी कारणं असतील तर डॉक्टर काढतात.

एमआरआय: ३१६ एल चुंबकाला जवळपास दाद देत नाही. धातूच्या आसपासचं चित्र बिघडतं, हे खरं. ऑपरेशनचे कागद न्या, निर्णय रेडिओलॉजिस्टवर सोडा.

टायटॅनियमचे गुण खरे आहेत. हाड त्याला घट्ट धरतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना हे १९५२मध्ये सशांच्या हाडात दिसलं आणि त्यातून पुढे दातांचे इम्प्लांट आले. ताठपणाही स्टीलच्या निम्माच, त्यामुळे हाडावर थोडा भार राहतो. (भार पडलाच नाही तर हाड विरळ होतं.) पण घासण्यात टायटॅनियम कच्चं, म्हणून कृत्रिम खुब्याचा गोळा सहसा कोबाल्ट-क्रोमचा नाहीतर सिरॅमिकचा असतो. कुठला धातू 'चांगला' हे कामावर ठरतं.

आणि 'परदेशीच'? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची झडप बनवली. आधीचे नमुने फसले, मग कोबाल्टच्या मिश्रधातूचा पिंजरा नि पॉलिएथिलीनची चकती जमली. डिसेंबर १९९०मध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली. उलट २०१०मध्ये जगभरातून परत मागवावा लागलेला, धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा कृत्रिम खुबा परदेशीच होता.