गेम बनत असतो तेव्हा घर कुणाच्या पगारावर चालतं?

एरिक बॅरोनची गोष्ट गेम खेळणाऱ्या बहुतेकांना माहीत असते, निदान अर्धी तरी. एका माणसाने घरात बसून साडेचार वर्षांच्या आसपास ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाचा शेतीचा गेम बनवला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीत त्याचं, गावातल्या प्रत्येक पात्राचे संवादही त्यानेच लिहिलेले. 26 फेब्रुवारी 2016 ला गेम आला आणि 2024 संपेपर्यंत त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्या. इतकं सांगून लोक थांबतात आणि समोरच्या विशीतल्या पोराला म्हणतात, बघ, मनात आणलं तर एकटा माणूस काय करू शकतो!

उरलेली अर्धी गोष्ट अशी. कॉलेज संपल्यावर त्याला प्रोग्रामरची नोकरी मिळत नव्हती. सराव व्हावा, नोकरीसाठी दाखवायला काहीतरी हाताशी असावं, म्हणून त्याने हा गेम सुरू केला. त्या काळात तो एका थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवायचं अर्धवेळ काम करायचा आणि घरखर्चाचा मोठा भार त्याच्या जोडीदाराच्या कमाईवर होता. यातलं काहीही त्याने लपवलेलं नाही, मुलाखतींमध्ये मोकळेपणाने सांगितलंय. पुढे सांगताना गाळतो ते आपण. थिएटरमधलं काम आणि दुसऱ्या कुणाचा तरी पगार मध्ये आला की गोष्ट तितकी चमकत नाही ना.

मला याचा मनापासून राग येतो, कारण ही अर्धी गोष्ट ऐकून लोक खरोखर नोकऱ्या सोडतात. स्वतंत्र गेम डिझायनरचं करिअर कसं उभं राहतं हे बघायचं तर माझ्या मते दोन प्रश्न आधी विचारावेत. गेम बनत होता तेव्हा घर कोण चालवत होतं? आणि या गेमच्या आधी या माणसाने किती छोटे गेम पूर्ण करून लोकांसमोर ठेवले होते?

दुसऱ्या प्रश्नासाठी लुकास पोपचं उदाहरण मला फार आवडतं. तो ‘नॉटी डॉग’ या बड्या स्टुडिओत ‘अनचार्टेड’ मालिकेवर काम करायचा. तिथून बाहेर पडून काही वर्षांनी, ऑगस्ट 2013 मध्ये, त्याने ‘पेपर्स, प्लीज’ आणला. खेळाडू सीमेवरच्या ठाण्यात बसलेला तपासनीस. समोर माणसांची रांग, टेबलावर पासपोर्ट, हातात शिक्का. कागद तपासताना चुका होत गेल्या की पगारातून पैसे कापले जातात, आणि दिवस संपल्यावर घरच्यांचं खाणं घ्यायचं की घर गरम ठेवायचं हे ठरवावं लागतं. पहिल्यांदा खेळताना वाटतं, ही कल्पना याला एकदम कुठून सुचली असेल? पण त्याआधी 2012 मध्ये पोपने ‘द रिपब्लिया टाइम्स’ नावाचा एक चिमुकला गेम केला होता, लुडम डेअर या स्पर्धेसाठी. ही स्पर्धा 2002 पासून चालू आहे. विषय दिला जातो आणि 48 तासांत एकट्याने पूर्ण गेम करून दाखवायचा असतो. पोपच्या त्या गेममध्ये खेळाडू हुकूमशाही राजवटीतल्या वर्तमानपत्राचा संपादक आहे. कुठली बातमी छापायची, कुठलीला किती जागा द्यायची हे तो ठरवतो, आणि त्याचं कुटुंब सरकारच्या ताब्यात आहे. नोकरी, राजवट, घरच्यांची काळजी आणि दर दिवसाला एक छोटी तडजोड: ‘पेपर्स, प्लीज’चा सगळा गाभा त्या दोन दिवसांच्या कामात आधीच दिसतो.

शोधायला गेलं की हे सगळीकडे सापडतं. ‘सुपर मीट बॉय’ 2010 मध्ये आला, पण त्याच्या आधी 2008 मध्ये ‘मीट बॉय’ हा ब्राउझरमध्ये खेळायचा फुकटचा फ्लॅश गेम होता, आणि त्याच्याही आधी त्याच्या कर्त्याचे, एडमंड मॅकमिलेनचे, कितीतरी छोटे फ्लॅश गेम. ‘हॉलो नाइट’मधला तो शिंगवाला नायक टीम चेरी या स्टुडिओच्या एका जॅममधल्या, म्हणजे अशाच झटपट गेम बनवायच्या स्पर्धेतल्या, गेममध्ये पहिल्यांदा दिसला होता. ‘सेलेस्ट’ आधी पिको-8 या मुद्दाम अपुऱ्या ठेवलेल्या काल्पनिक कन्सोलवर (म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या गेमयंत्रावर) चार दिवसांत झाला. मग त्याचं जानेवारी 2018 मधलं मोठं रूप आलं, आणि तेही अशा माणसांकडून ज्यांनी तोवर इतर गेम पूर्ण करून विकलेले होते.

आणि स्कॉट कॉथन! हा माणूस वर्षानुवर्षं गेम करत होता आणि फारसं कुणी विचारत नव्हतं. लाकूडतोड्या बीव्हरवरचा त्याचा एक लहान मुलांचा गेम लोकांनी पाहिला आणि टीका केली, की यातली पात्रं जत्रेतल्या यांत्रिक बाहुल्यांसारखी निर्जीव दिसतात, बघून भीती वाटते. त्या टीकेने तो खचला होता, हेही त्याने सांगितलंय. मग त्याने ठरवलं, भीतीच वाटतेय ना, तर मग भीतीचाच गेम करू. ऑगस्ट 2014 मध्ये ‘फाइव्ह नाइट्स अॅट फ्रेडीज’ आला: रात्रपाळीचा पहारेकरी, सुरक्षा कॅमेऱ्यांचे पडदे आणि अंधारात जागा बदलणाऱ्या यांत्रिक बाहुल्या. पुढे त्याचे कितीतरी भाग निघाले, 2023 मध्ये चित्रपटही झाला. मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते हे, की आधीचा गेम पूर्ण होऊन लोकांपुढे गेलेला होता म्हणून टीका मिळाली. हार्ड डिस्कवर अर्धवट पडलेल्या गेमवर कुणी टीका करत नाही, आणि त्यातून पुढचा गेमही निघत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसलं असतं ते. बाहेरच्यांना वाटतं डिझायनर म्हणजे कल्पना सुचणारा माणूस. कल्पना तर प्रत्येकाकडे पोत्याने असतात. दिवस जातो तो उडीसारख्या गोष्टीत. ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ उडीचं बटण चालतं. खेळाडू हवेत गेलेला असतो, नियमाने त्याला उडी मिळायला नको, पण गेम ती देतो. उलट बाजूनेही तसंच. जमिनीला टेकायच्या जरासं आधी बटण दाबलं गेलं तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारून देतो. वर उडताना डोकं छताच्या कोपऱ्याला निसटतं लागलं तर गेम पात्राला गुपचूप बाजूला सरकवून वाट करून देतो. ‘सेलेस्ट’ करणाऱ्या मॅडी थॉर्सनने या सवलती स्वतःच जाहीरपणे समजावून सांगितल्या आहेत. खेळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला वाटतं, आपला हात बसला. आणि ही भावना योग्य जागी आणण्यासाठी कुणीतरी तीच उडी दिवसभर मारत बसलेलं असतं, आकडा किंचित वाढवून, पुन्हा किंचित कमी करून.

दुसरं काम म्हणजे खेळून बघणाऱ्याच्या मागे गप्प बसणं. ओळखीतल्या लोकांचे गेम असे तपासले जात असताना मी शेजारी बसलो आहे. नियम एकच, बोलायचं नाही. एकदा एक मुलगी एका लेव्हलमध्ये पुन्हा पुन्हा डावीकडे जात राहिली. दार उजवीकडे होतं, चांगलं मोठं. ज्याने गेम केला तो खुर्चीच्या काठावर आलेला, पण तोंडातून शब्द काढला नाही. खेळून झाल्यावर तिला विचारलं, तर म्हणाली, तिकडे दिवा होता ना, म्हणून गेले. तो दिवा नुसता शोभेसाठी काढलेला होता. त्याने तिथल्या तिथे दिवा उचलून दारावर टांगला. नंतर खेळलेलं कुणी त्या जागी अडलं नाही. डिझाइन म्हणजे मला तरी हेच दिसतं: समोरचा चुकला की स्वतःच्या कामात कारण शोधायचं, ‘त्याला कळलं नाही’ म्हणून सुटका करून घ्यायची नाही. वर्षानुवर्षं हे करत राहणं सोपं नसतं.

बरं, गेम झाला. आता विकायचा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम ठेवायला 100 डॉलर भरले की दार उघडतं, 2017 पासून ही पद्धत आहे. दार सगळ्यांनाच उघडं असल्यामुळे 2024 या एका वर्षात तिथे 18 हजारांहून जास्त नवे गेम आले. म्हणजे दिवसाला सरासरी 50 च्या आसपास. विक्रीतला 30 टक्के वाटा दुकानाचा. हा वाटा एका गेमची विक्री 1 कोटी डॉलरच्या पुढे गेली की 25 टक्के होतो आणि 5 कोटींच्या पुढे 20. म्हणजे ज्याला गरज सर्वात कमी त्याला सवलत, आणि पुढच्या महिन्याच्या भाड्याच्या चिंतेत असलेल्याकडून पूर्ण 30. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. उलटी रचना करता आली असती.

आणि परताव्याचा नियम. घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. ग्राहक म्हणून हा नियम मला हवाच आहे. पण दीड तासात संपणारा, नेटका, सुंदर गेम बनवणाऱ्याचं काय? शेवट बघून, आवडला असं लिहून, पैसे परत घेतलेले लोक असतात. त्यामुळे गरज नसताना गेम लांबवायचा मोह होतो, आणि आटोपशीर काम करणाऱ्याचंच नुकसान होतं.

नकलेबद्दल थोडक्यात सांगतो. ‘थ्रीज’ हा आकड्यांचा गेम चौदा महिन्यांच्या मेहनतीने फेब्रुवारी 2014 मध्ये आला. पुढच्याच महिन्यात त्याच जातकुळीचा, एका शनिवार-रविवारात बनलेला, फुकट ‘2048’ आला आणि जगभर पसरला. ‘2048’ करणाऱ्या पोराने प्रेरणा कुठून आली ते लपवलं नव्हतं, पैशासाठी केलंही नव्हतं. पण ‘थ्रीज’वाल्यांना लोकांकडून ऐकावं लागलं की तुमचा गेम ‘2048’ची नक्कल आहे. गेमच्या नियमांवर मालकी सांगता येत नाही, आणि मला वाटतं ती तशी नसावीच. पण त्या चौदा महिन्यांचं मोल निदान आपण खेळणाऱ्यांनी तरी ओळखावं.

ज्या साधनांवर गेम बनतो तीही आपल्या हातात नसतात. 12 सप्टेंबर 2023 ला युनिटी या इंजिनच्या, म्हणजे गेम ज्यावर बांधतात त्या सॉफ्टवेअरच्या, कंपनीने जाहीर केलं, की ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेल्या गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेणार. अर्धा गेम बांधून झालेल्या लोकांनी त्या दिवशी काय करायचं? ओरडा झाला, काही दिवसांत अटी सौम्य केल्या, वर्षभराने ते शुल्क रद्दच झालं. तोवर बरेच जण गोडो या मुक्त आणि मोफत इंजिनकडे वळले होते. मला ती वाट जास्त सुरक्षित वाटते. उद्या उठून कुणी तिचा नियम बदलू शकत नाही.

यश मिळालं तर सगळं सुटतं असंही नाही. व्हिएतनामच्या डाँग न्वेनने ‘फ्लॅपी बर्ड’ हा मोबाइल गेम केला. 2014 च्या सुरुवातीला तो इतका चालला, की जाहिरातींतून दिवसाला 50 हजार डॉलर येतात असं त्याने सांगितलं होतं. फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या हाताने तो दुकानातून काढून टाकला. साधं जगणं मोडून गेलं होतं, तो भार त्याला सोसत नव्हता. तेव्हा लोक त्याला वेडा म्हणाले. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला, आजही वाटतो. उलट बाजूला ‘बलात्रो’चा कर्ता आहे. त्याचा गेम फेब्रुवारी 2024 मध्ये आला, महिनाभरात दहा लाख प्रती खपल्या, आणि तो आजही लोकलथंक या टोपणनावामागेच राहतो. प्रसिद्धीपासून अंतर राखणं हासुद्धा करिअर टिकवायचा भाग आहे, हे त्याला आधीच कळलं असावं.

तर, नोकरी सोडून स्वप्नातला गेम करू का, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी दोन-तीन महिन्यांत पुरा होईल असा एक गेम कर आणि अनोळखी लोकांपुढे ठेव. मग दुसरा. मग घरी बस आणि जोडीदाराशी, आईवडिलांशी, जो कोणी खर्च उचलणार असेल त्याच्याशी तारीख आणि रक्कम घालून बोल: किती महिने, कुठवर, आणि पैसे संपले तर काय. त्या माणसाचं नाव गेमच्या शेवटच्या श्रेयनामावलीत सगळ्यात वर टाक. कोड लिहिला नसेल, पण वेळ त्याने दिला आहे.

आणि खेळणाऱ्यांना एकच विनंती. स्टीमवर 10 रिव्ह्यू होईपर्यंत गेमला ‘सकारात्मक’ वगैरे शेरा मिळत नाही. कितीतरी छोटे गेम त्या दहापर्यंत पोचायलाच धडपडत असतात. गेल्या वर्षभरात आवडलेल्या एखाद्या छोट्या गेमबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नसेल, तर आज दोन ओळी लिहा. कुठे अडलात, कुठे कंटाळा आला तेही लिहा. पुढच्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्तीत, त्याचा उपयोग होतो.