डीएससी_०४१२ उर्फ ताईचं लग्न (१७३०)

ताईच्या लग्नानंतर आठ दिवसांनी फोटोग्राफरने माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. म्हणाला, "दादा, घरच्यांना बसवून दोनशे फोटो निवडा आणि मला फक्त नंबर पाठवा. अल्बम पंधरा दिवसांत."

यातला 'नंबर' हा शब्द मी नीट ऐकला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पेन ड्राइव्हवर २८४६ फोटो होते. उघडून बघतो तर एकेकाचं नाव डीएससी_०००१, डीएससी_०००२. लग्नघर आहे की येरवडा, कळेना. त्यातून क्रमही उफराटा. आधी सप्तपदी, मग पंगत, मग पाठवणी, आईची रडारड. ताई सासरी गेली, मांडव रिकामा झाला आणि मग तिला सावकाश हळद लागायला सुरुवात झाली.

याचं कारण मला फार उशिरा कळलं. कॅमेरे फोटोचं नाव आठच अक्षरांत ठेवतात. पुढची चार अक्षरं कंपनीची किंवा आपल्या मर्जीची, मागचे चार आकडे. म्हणजे मोजणी ९९९९पर्यंत जाते आणि पुन्हा ०००१वर येते. आमच्याकडे ही पलटी नेमकी मुहूर्तावर बसली. अंतरपाट धरलेला होता तेव्हा कॅमेरा ९९९९वर होता, खाली आला तेव्हा ०००१वर. ताईबरोबर कॅमेऱ्याचाही नवा संसार सुरू झाला, आणि नावाने रांग लावल्यावर नवा संसार आधी आला.

माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला. सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले, काढल्याच्या वेळेनुसार लावले, सगळे एकदम निवडले, नाव बदलायचं एफ टू बटण दाबलं, 'ताईचं लग्न' असं टाइप केलं आणि एन्टर. डोळ्यांदेखत ताईचं लग्न (१), ताईचं लग्न (२) असं करत २८४६पर्यंत सगळी वरात शिस्तीत उभी राहिली. मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला. आईने विचारलं, "काय केलंस?" म्हटलं, "बारसं. २८४६ जणांचं, एका मिनिटात."

क्रम तरीही पुरता सुधारला नव्हता, ते वेगळंच. फोटोग्राफरच्या हाताखालच्या पोराच्या कॅमेऱ्यातलं घड्याळ बारा तास पुढे होतं. त्यामुळे दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्तावर निम्म्या अक्षता दुपारी पडल्या आणि निम्म्या मध्यरात्री. पण नावं कशी एकसारखी, देखणी! मी त्याच्या प्रती चार घरांत वाटल्या, लॅपटॉप बंद केला, आणि मूळ पेन ड्राइव्ह मावसभावाला गाडीत गाणी भरायला देऊन टाकला. औदार्य हे असं नेमक्या वेळी उफाळून येतं.

मग निवड समिती बसली. टीव्हीला फोटो जोडले होते. आत्याला जिथे आत्या आहे ते सगळे फोटो हवे होते. नानांना, म्हणजे मोठ्या काकांना, कोट दिसणारे हवे होते, कारण तो कोट त्यांनी त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतर पहिल्यांदाच शिवला होता. व्याह्यांकडून निरोप आला की त्यांची माणसं कमी नकोत. पहिल्या रात्रीअखेर दोनशेपैकी सहाशे दहा फोटो निवडून झाले. तीन रविवार गेले, तेव्हा कुठे आकडा दोनशे चौदावर आला आणि तिथेच रुतला.

आई वही घेऊन बसली होती. नुसता नंबर लिहून तिचं समाधान होत नव्हतं. '८७३ – आत्या रडते आहे, मागे पंखा, जिलबीचं ताट घेऊन जाणारा मुलगा.' '१७३० – नाना, कोट, डोळे उघडे.' मी हसलो. म्हटलं, "आई, नंबर आहे ना, वर्णन कशाला? पंचनामा आहे का?" ती लिहीत राहिली.

यादी पाठवली. दहा मिनिटांत फोन.

"दादा, हे १७३०, ८७३ कुठले नंबर?"

"फोटोंचे."

"डीएससी सांगा ना."

"डीएससी आता नाहीये. आता ताईचं लग्न आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मी म्हटलं, नंबर राहू द्या, निवडलेले फोटोच पाठवतो. तेव्हा त्याने मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. आम्हाला दिलेले फोटो हे बघायचे, जेपीजी. अल्बम बनतो तो रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइलवरून, ती त्याच्याकडे. दोघांचं नाव एकच असतं, फक्त शेपूट वेगळं. त्या नावावरूनच तो आमचा फोटो त्याच्या २८४६मधून उचलणार होता. जेपीजीची प्रत त्याने ठेवली नव्हती. ती आमच्याकडेच होती. म्हणजे मावसभावाच्या गाडीत, ढोल-ताशाच्या खाली गाडलेली.

केलेलं मागे घ्यायचं कंट्रोल झेड दाबून पाहिलं. ते त्याच दिवशी, चहा मागवायच्या आधी दाबायला हवं होतं. लॅपटॉप बंद केल्यावर त्याला काही आठवत नाही.

ताईला कळवणं भाग होतं. तिने सासरी नाव बदललं नाही. तांदळाच्या ताटात भावजींनी अंगठीने तिचं तेच जुनं नाव लिहिलं, त्यावरून दोन वडीलधारे दिवसभर घुश्शात होते. ती म्हणाली, "एवढी मांडवभर बोलणी खाऊन मी माझं एक नाव राखलं, आणि तू माझ्या २८४६ फोटोंची बदललीस?"

शेवटी स्टुडिओत जाऊन बसलो. डाव्या पडद्यावर आमचे फोटो, उजव्यावर त्याचे. बाहेरचं नाव गेलं तरी फोटो काढल्याची वेळ फाइलच्या पोटात शाबूत असते, एवढीच काय ती पुण्याई. पण लॅपटॉपची यादी वेळ दाखवते ती मिनिटापर्यंतच, आणि मंगलाष्टकांच्या एका मिनिटात हे लोक चाळीस फोटो काढतात. चाळिसांतही तोच अंतरपाट, तेच गुरुजी. तेव्हा आईची वही बाहेर निघाली. "मागे पंखा," मी वाचायचो. "पंखा चौघांत आहे," तो म्हणायचा. "जिलबीचं ताट?" "हां, ताट एकातच." अशा दोन संध्याकाळी, आठ चहा. दुसऱ्या दिवशी तो आपणहून विचारायला लागला, "काकूंनी काय लिहिलंय बघा."

त्यानेच मग दाखवलं की नाव हवं तर बदलावं, पण जुनं मागे लोंबत ठेवावं. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या नावापुढे डॉलर आणि एन लिहिलं की मूळ नाव तिथे आपोआप बसतं. अॅडोबी ब्रिज या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर नावं बदलण्याच्या खिडकीतच एक चौकोन आहे. त्यात टिक केली की सध्याचं नाव फोटोच्या आतल्या माहितीत जाऊन बसतं. एक टिक! मी त्या चौकोनाकडे बराच वेळ बघत होतो. आता माझ्याकडच्या फोटोंची नावं 'गणपती_विसर्जन_डीएससी_२२१७' अशी असतात, सातबाऱ्यावर असावीत तशी ऐसपैस.

अल्बम दोन महिन्यांनी आला. चकचकीत पानांचा करिझ्मा अल्बम, वर मखमली पेटी. सगळे भोवती बसले. आत्या प्रत्येक पानावर स्वतःला शोधत आणि सापडत होती. चौदाव्या पानावर नाना थबकले. कोट झकास आला होता. डोळे मिटलेले.

"हा मी निवडला नव्हता."

"नाना, ०४१२ आणि ०४१३ अगदी एका सेकंदातले होते," मी म्हटलं. "आणि ध्यान लावल्यासारखं वाटतंय. प्रसन्न."

नानांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "वहिनी, ती वही आणा जरा."