‘मोठा इन्व्हर्टर घ्या आणि निश्चिंत व्हा’: हिशेब तसा लागत नाही

वळवाचा पहिला पाऊस झाला, झाडाची फांदी तारेवर आली, लाइट गेली, की सोसायटीच्या, गावाच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरायला लागतो. ‘इन्व्हर्टर घेताना फसू नका’ असं काहीसं त्याचं शीर्षक असतं. शब्द बदलतात, म्हणणं तेच असतं. जास्तीत जास्त व्हीएचा इन्व्हर्टर घ्या, तो जास्त वेळ चालतो. १५० एएचची बॅटरी ३०० वॅटवर सहा तास आरामात जाते. लाइट असताना इन्व्हर्टर बंद ठेवा, नाहीतर बिल दुप्पट येईल. साइन वेव्ह हा दुकानदारांचा बहाणा आहे. गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच, तीही चालते. बॅटरीत आरओचं किंवा एसीचं पाणी घाला. लिथियम घेतली की दहा वर्षं बघायला नको. आणि छपरावर सोलर असेल तर यातलं काहीच लागत नाही.

लिहिणारा अगदीच अडाणी नाही. बहुतेक वाक्यांत थोडं खरं आहे, आणि म्हणूनच जाणती माणसंही हा मजकूर पुढे ढकलतात. पण त्याच्या भरवशावर लोक वीस-पंचवीस हजार रुपये मोजून मोकळे होतात, तेव्हा एकेक दावा नीट बघायला हवा.

‘जास्त व्हीए म्हणजे जास्त बॅकअप’

नाही. पंगतीला एका वेळी किती पानं बसतात ते व्हीए (व्होल्ट-अँपिअर) सांगतो. भात किती शिजलाय, म्हणजे वीज किती साठलीय, ते बॅटरीचं एएच (अँपिअर-अवर) सांगतं. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एका वेळी साधारण ७०० वॅट भार पेलतो. त्याच बॅटरीवर १,५०० व्हीएचा इन्व्हर्टर लावला तर पंखे-दिवे एक मिनिटही जास्त चालणार नाहीत. उलट थोडे कमीच चालतील, कारण मोठं यंत्र स्वतःसाठीही जास्त वीज खातं.

मोठा इन्व्हर्टर लागतो तो फ्रिज किंवा मोटर चालवायची असेल तर. चालू फ्रिज जेमतेम १००-१५० वॅट घेतो, पण साधा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथेच ओव्हरलोड दाखवून बसतो. एक एचपीचा पंप तर घरगुती इन्व्हर्टरवर चालवायचा विचारच सोडा. खरं तर दोन-तीन तासांच्या खंडासाठी फ्रिजलाही इन्व्हर्टर लागत नाही. दार उघडलं नाही तर आतला गारवा चार तास सहज टिकतो.

शिवाय मोठ्या इन्व्हर्टरला बऱ्याचदा दोन बॅटऱ्या लागतात, म्हणजे २४ व्होल्ट. मग घरातली तीन वर्षांची जुनी बॅटरी आणि एक नवी अशी जोडी लावायचा मोह होतो. एका माळेत जुनी-नवी जोडली की जुनी आधी रिकामी होते, भरतानाही मागे राहते आणि नवीलाही आपल्यासोबत ओढते. दोन्ही एकदम बदला, नाहीतर एकच बॅटरी पुरेल असा इन्व्हर्टर घ्या.

‘१५० एएच, ३०० वॅट, सहा तास’

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण गणित बरोबर दिसतं. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-अवर. भागिले ३०० म्हणजे सहा. शाळेत याला पूर्ण मार्क मिळतील.

पण बॅटरीवरचा १५० हा आकडा अटीसकट येतो. लेबलवर बारीक अक्षरात ‘सी २०’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की ही बॅटरी साडेसात अँपिअरने वीस तास चालवली तर १५० एएच देईल. जोरात उपसली तर तेवढं देत नाही. आता ३०० वॅटचा भार घ्या: जुन्या पद्धतीचे तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, तीन एलईडी ट्यूब मिळून ६०, वायफाय राउटर १०-१५. इन्व्हर्टरमध्ये १५ ते २० टक्के वीज वाया जाते, म्हणजे बॅटरीतून ३६०-३७० वॅट निघतात, करंट ३० अँपिअरच्या आसपास. साडेसातच्या चौपट. या वेगाने नवीकोरी, पूर्ण भरलेली बॅटरी पावणेचार तासांच्या आसपास चालते. दोन-तीन उन्हाळे काढलेली त्याहून कमी. सहा तास कुठून येणार?

मोठी बॅटरी घेणं हा एक उपाय झाला. माझ्या मते त्याआधी पंखे बदलावेत. बीएलडीसी, म्हणजे ब्रशशिवायच्या मोटरचा पंखा पूर्ण वेगावर २८ ते ३५ वॅट घेतो. तीन पंखे बदलले की ३०० वॅटचा भार १६० वर येतो, बॅटरीतून निघणारा करंट १६ अँपिअरवर येतो, आणि हळू उपसल्यामुळे तीच बॅटरी जास्त देते. त्याच १५० एएचवर आठ तासांच्या आसपास बॅकअप. भार निम्म्यावर आला आणि वेळ दुपटीपेक्षा वाढली. असा एक पंखा साधारण अडीच-तीन हजारांना येतो, आणि लाइट असतानाही तो कमीच वीज खातो. दुकानात हे कुणी सांगत नाही. सांगावं अशी अपेक्षाही नाही, दुकानदाराचा धंदा बॅटरीचा आहे.

दुसरी बाजू भरण्याची. १५ अँपिअरचा चार्जर १५० एएचची रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास घेतो. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली आणि संध्याकाळी आली, तर पुढचा सगळा आठवडा हातात असतो, काही प्रश्नच नाही. पण ज्या गावात लाइट दिवसातून चार वेळा जाते आणि मध्ये तास-दोन तासच राहते, तिथे दोन तासांत जेमतेम ३० एएच परत येतात. बॅटरी सतत अर्धवट राहते, तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि चार-पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत बसते. तिथे एएच वाढवण्याआधी चार्जर किती अँपिअरचा आहे ते विचारायला हवं.

आणि कोकणातल्यांसाठी तिसरं. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीतली कितीतरी गावं आठवड्यांमागून आठवडे अंधारात होती. त्या अंधाराला कुठलीच घरगुती बॅटरी पुरत नाही. तिथे बॅटरी भरायला दुसरा स्रोत हवा, छोटं सोलर पॅनेल तरी किंवा जनरेटर.

‘लाइट असताना इन्व्हर्टर बंद ठेवा, बिल वाचेल’

बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर साधारण १० ते २० वॅट घेतो. १५ धरले तर महिन्याला ११ युनिट. महिन्यात तीस तास लाइट गेली आणि त्या वेळात १६० वॅट वापरले, तर पाचेक युनिट वापरलेल्या विजेसाठी भरताना आठेक युनिट लागतात, कारण बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्हीकडे गळती आहे. एकूण झाले जवळपास वीस युनिट. फुकट नाही, पण दुप्पटही नाही. एका बाबतीत मात्र मजकूरवाल्याला थोडं माप द्यायला हवं: महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या वर दर चांगलाच चढतो. ज्यांचं मीटर ९०-९५ वर थांबतं त्यांना हे वीस युनिट टोचतील. तरी चढा दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटांना लागतो, आधीच्यांना नाही.

गंमत अशी की बहुतेक इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं तरी चार्जिंग चालूच राहतं. बंद होतो तो फक्त बॅकअप. म्हणजे बिल वाचत नाही आणि लाइट गेली की पंखाही थांबतो. आणि प्लगच काढून ठेवला तर अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून खराब होते. महिनाभर गावी जायचं असेल तर बॅटरी पूर्ण भरून मगच कनेक्शन काढा.

‘साइन वेव्ह म्हणजे बहाणा’

साइन वेव्ह म्हणजे घरच्या लाइनसारखी, लाटेसारखी हळूहळू चढ-उतरणारी वीज; स्वस्त इन्व्हर्टरची स्क्वेअर वेव्ह एकदम उड्या मारते. स्क्वेअर वेव्हवर एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मुकाट्याने चालतात, हे खरं. साधा पंखा मात्र घूं घूं करतो आणि त्याची मोटर तापते, कारण पंख्याला हवी तशी वीज त्याला मिळत नाही. रात्री त्या आवाजात झोपून बघा, मग किमतीतला फरक परवडेल. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा सीपॅपवर (झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रावर) कुणी असेल तर वादच नको, शुद्ध साइन वेव्हच. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर एकटाच ३००-३५० वॅट घेतो. वरच्या हिशेबाने त्याला किती वेळ मिळेल ते आधी मांडा आणि सिलिंडर हाताशी ठेवा.

‘गाडीचीही १२ व्होल्टचीच’

व्होल्ट सारखे, काम वेगळं. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, इंजिन सुरू करायला दोन-चार सेकंद जबरदस्त करंट द्यावा म्हणून. तिला रोज तळापर्यंत उपसलं तर काही महिन्यांत ती संपते. रोजच्या उपशासाठी ट्यूब्युलर, म्हणजे नळ्यांच्या जाड प्लेटांची बॅटरी.

‘पाणी कुठलंही चालतं’

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात. बॅटरीत ते साठत जातात, कारण उडून जातं ते फक्त पाणी. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मुळात वाफेचंच, म्हणून लोकांना ते डिस्टिल्ड वाटतं; पण ते तांब्या-अॅल्युमिनिअमच्या कॉइलवरून, धुळीवरून वाहत आलेलं असतं. धातूचा अंशही प्लेटांना पुरतो. डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनला फारसे पैसे लागत नाहीत. चार-पाच वर्षांच्या बॅटरीवर तेवढीही काटकसर कशाला?

याच मजकुराची एक आवृत्ती ‘अॅसिड घाला, बॅटरी नवी होते’ असंही सांगते. अजिबात घालू नका. अॅसिड उडत नाही, ते आतच असतं. वरून घातलं की त्याची तीव्रता वाढते आणि प्लेटा झिजतात. दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात जरा लवकर, फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी) बघा आणि खुणेपर्यंतच पाणी घाला. आणि बॅटरी पलंगाखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका. चार्जिंग होताना हायड्रोजन सुटतो; हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. देवघराच्या खालचा कप्पाही त्यासाठी नाही, समई वर तेवत असते.

‘लिथियम घ्या, दहा वर्षं बघू नका’

लिथियम चांगलीच आहे. म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. पाणी नाही, गॅस नाही, वजन कमी, हजारो वेळा भरते-रिकामी होते आणि जोरात उपसली तरी फारशी कमी देत नाही. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावाला तीच योग्य. पण ‘१०० एएच लिथियम म्हणजे १५० ट्यूब्युलर’ हे सरसकट खरं नाही. १२.८ व्होल्ट गुणिले १०० म्हणजे १,२८० वॅट-अवर. १६० वॅटच्या भाराला त्यातून सहाएक तास मिळतात. ट्यूब्युलर नवी असताना आठ देत होती. भार जसा वाढतो तसा हा फरक मिटत जातो. महिन्यातून दोनदा लाइट जाणाऱ्या घराने लिथियमसाठी जास्तीचे पैसे का मोजावेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आणि जुन्या इन्व्हर्टरला ती सरळ जोडू नका. त्याचं चार्जिंग लेड-अॅसिडच्या, म्हणजे ट्यूब्युलरसारख्या शिसं-अॅसिडच्या बॅटरीच्या व्होल्टेजवर बेतलेलं असतं. लिथियमची सेटिंग आहे का, हे आधी मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर इन्व्हर्टरही बदलावा लागेल, आणि तो खर्च मजकुरात धरलेला नाही.

‘सोलर आहे, मग इन्व्हर्टर कशाला?’

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि छपरं भरू लागली. बसवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना पहिला धक्का बसतो तो भर दुपारी लाइट गेल्यावर: वर लख्ख ऊन आणि खाली पंखा बंद. नेट मीटरवर चालणारी साधी ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना (ग्रिडला) जोडलेली यंत्रणा ग्रिडमधली वीज गेली की स्वतःहून बंद होते. तिने तसं करावं असा नियमच आहे, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला ती तार मेलेली वाटत असते. लाइट गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरीसकट हायब्रिड यंत्रणा लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

हाच धोका जनरेटरवाल्यांना लागू आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज भिंतीच्या सॉकेटमध्ये सोडण्याची युक्ती गावोगाव चालते. मेन स्विच पाडायचा राहिला तर ती वीज उलटी डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते आणि पलीकडच्या तारेवर ११ हजार व्होल्ट होऊन निघते. त्याच तारेवर त्या वेळी कुणीतरी पकड घेऊन चढलेला असतो. अशी वायर घरात असेल तर आजच तोडा, आणि वायरमनकडून चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवून घ्या.